टिअरड्रॉप ट्रेलरचे बाह्य आवरण

टिअरड्रॉप ट्रेलर हा मोटारीमागे जोडून नेण्याचा, अश्रुबिंदूच्या आकाराचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर होय. अमेरिकेत अनेक हौशी कारागीर तो घरीच प्लायवुडपासून बांधतात. ऊन व पाऊस यांपासून लाकडाचे रक्षण करण्यासाठी त्यावर चढवलेल्या थरास बाह्य आवरण म्हणतात. त्याची निवड करताना सपाट पृष्ठभागापेक्षा कडा, सांधे आणि स्क्रूची छिद्रे यांचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

हा प्रकार अमेरिकेत १९३० च्या दशकात रूढ झाला. 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकाने सप्टेंबर १९४७ च्या अंकात त्याचा आराखडा प्रसिद्ध केला होता. तेथे प्लायवुडचा प्रमाण तक्ता ४ × ८ फुटांचा असल्याने अनेक ट्रेलरांची मापे त्यावरूनच ठरतात.

लाकूड आणि ओलावा

लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांहून कमी राहिल्यास ते कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. प्लायवुड पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडांमधून कितीतरी वेगाने पाणी शोषते. मरीन प्लायवुडमधील सरस उकळत्या पाण्यातही टिकतो. तथापि त्यामुळे उघड्या कडांचे शोषण थांबत नाही.

ओलाव्याने लाकूड फुगते व वाळल्यावर आकसते. कडक थर ही हालचाल सहन न झाल्याने तडकतो. तडीतून शिरलेले पाणी त्याच थरामुळे लवकर बाहेर पडू शकत नाही, आणि वरून अखंड दिसणाऱ्या आवरणाखाली लाकूड कुजत राहते. झोपणाऱ्यांच्या श्वासातील बाष्पही आतील थंड भिंतींवर साचते. म्हणून वायुवीजन आवश्यक असते.

आवरणाचे प्रकार

रंग: प्रायमर व बाह्य वापराचा रंग हा सर्वांत स्वस्त आणि दुरुस्तीस सोपा उपाय आहे. मात्र केवळ रंगाने सांधे दीर्घकाळ बंद राहत नाहीत.

वॉर्निश: जहाजांसाठी वापरले जाणारे लवचीक वॉर्निश लाकडाचे सौंदर्य खुलवते. उन्हात राहणाऱ्या ट्रेलरवर त्याचे नवे हात वारंवार द्यावे लागतात.

कॅनव्हास व रंग: सुती कॅनव्हास जलरोधक सुतारी सरसाने चिकटवून त्यावर रंगाचे अनेक हात देतात. लाकडी होड्यांवर कॅनव्हास ताणून रंगवण्याच्या जुन्या पद्धतीशी याचे साम्य आहे. कापड सांध्यांना झाकते आणि खर्चही कमी येतो.

इपॉक्सी व फायबरग्लास: काचतंतूंचे कापड इपॉक्सी राळेत भिजवून बसवल्यास मजबूत, सलग कवच तयार होते. इपॉक्सी अतिनील किरणांनी खराब होत असल्याने त्यावर रंग किंवा किरणरोधक वॉर्निश अनिवार्य असते. राळेमुळे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. म्हणून काम करताना हातमोजे घालतात.

ॲल्युमिनियमचा पत्रा: १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २.७ किलोग्रॅम भरते. तापमानात ४० अंश सेल्सियसचा फरक पडल्यास ८ फुटी पत्रा सुमारे २ मिलिमीटरने लांबतो. त्यामुळे तो पूर्णपणे न चिकटवता कडेच्या पट्ट्यांखाली सरकू देण्याची पद्धत आहे. लोखंडी स्क्रूंशी संपर्क आल्यास, विशेषतः खाऱ्या हवेत, ॲल्युमिनियम गंजते.

निवड व देखभाल

ट्रेलर छपराखाली ठेवला जात असेल, तर रंग किंवा कॅनव्हास पुरेसा ठरतो. वर्षभर उघड्यावर राहणाऱ्या ट्रेलरसाठी फायबरग्लास किंवा पत्रा अधिक योग्य होय. फिकट रंगाने पृष्ठभाग कमी तापतो.

आवरण कोणतेही असले, तरी कापलेल्या कडा आधी इपॉक्सीने बंद करणे हितावह असते. स्क्रूचे छिद्र मोठे पाडून इपॉक्सीने भरतात व त्यातच नवे छिद्र पाडतात. पट्ट्यांखाली ब्युटाइल टेप लावली जाते. सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि त्याचे अवशेष नव्या थरालाही चिकटू देत नाहीत. म्हणून पुढे रंगवायच्या जागी ते टाळतात.

फोड, काळे डाग व टोचणीने दाबल्यास मऊ लागणारे लाकूड ही पाणी शिरल्याची लक्षणे आहेत. अशा जागी वरून नवा थर दिल्यास ओलावा आतच कोंडतो. त्यामुळे आवरण काढून लाकूड पूर्ण वाळवणे, कुजलेला भाग बदलणे आणि मगच नवे आवरण चढवणे हा योग्य क्रम होय.