शेगडीचा वायू

आमची ताई बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिचे बाळ एका मिनिटात ४० वेळा श्वास घेते. मी घड्याळ लावून मोजले. आजोबांचे १६ भरले.

शाळेत गुरुजींनी ग्लासात चुन्याची निवळी घेतली आणि मला पपईच्या देठातून फुंकायला सांगितले. निवळी दुधासारखी झाली! आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड वायू असतो, त्यामुळे असे होते. (निवळी तोंडात ओढू नका, तोंड भाजतं. माझं भाजलं.)

हवेच्या १०० भागांत प्राणवायू सुमारे २१ भाग असतो. सोडलेल्या हवेत सुमारे १६ च उरतो. मग बाकीचा गेला कुठे? तो रक्तात जातो. फुप्फुसांत बारीक फुग्यांसारखे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते व त्यात लोह असते. त्या लोहाला प्राणवायू चिकटतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ४ जागा असतात. आमच्या एस.टी.त कितीही माणसे कोंबतात, पण इथे चारच! प्राणवायू पायाच्या बोटापर्यंत जाऊन उतरतो. येताना रक्त कार्बन डायऑक्साइड आणते. तो मात्र बहुतेक रक्ताच्या पाण्यात मिसळून येतो.

आता खरी गोष्ट सांगते. ताईच्या बाजेखाली आजी कोळशाची शेगडी ठेवायची. वारा लागू नये म्हणून दार बंद आणि खिडकीला गोणपाट. एका रात्री माझं डोकं ठणकू लागलं, मळमळलं. ताईला चक्कर आली. आजी म्हणाली, दृष्ट लागली. पण आईनं आम्हाला अंगणात आणलं आणि थोड्या वेळाने बरं वाटलं.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जागा अडल्या की प्राणवायू बसणार कुठे? झोपेतच माणूस दगावतो.

गुरुजी घरी आले. आजी म्हणाली, "आमची सगळी बाळंतपणं अशीच झाली. आणि शेगडीला धूर कुठे आहे?" गुरुजी म्हणाले, "आजी, धूर नसला तरी वायू असतो."

आता शेगडी अंगणात असते. आजी तिथेच फडकं गरम करून आत आणते नि बाळाला शेकते. गोणपाट काढलंय. बाळ रडलं की आता रस्त्यापर्यंत ऐकू येतं.