कवळी टोचते? आधी जबडा तपासून घ्या

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. टाकळी ढोकेश्वरकडच्या एका आजी मुलाला घेऊन पारनेरला माझ्या दवाखान्यात आल्या. वय ६८. पिशवीतून त्यांनी स्टीलचा छोटा डबा काढला, झाकण उघडले आणि माझ्यापुढे सरकवला. आत रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी होती.

"डॉक्टर, ही तुमची तुम्हीच ठेवा. कवळी नाही ही, विंचू आहे. तोंडात घातली की डसतो," आजी म्हणाल्या.

ती कवळी तीन वर्षांपूर्वी मीच केलेली होती. आजींनी ती जेमतेम महिनाभर वापरली. नंतर डबा कपाटात गेला आणि आजी दुधात कुस्करलेल्या भाकरीवर आल्या. मेथीची भाजी, मटकीची उसळ, शेंगदाणे सगळे बंद. वजन उतरले. लग्नाकार्याला गेल्या तरी पंक्तीत बसेनात. "चारचौघांत गिळत बसायची लाज वाटते," असे म्हणत.

वाचकहो, या प्रकरणात चूक कवळीची नव्हती, आजींचीही नव्हती. ती माझी होती. कवळी करण्यापूर्वी मी त्यांच्या जबड्यावरून बोट फिरवले होते. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला हाडाची अणकुचीदार टोके हाताला लागत होती. "ही आधी घासून सपाट करावी लागतील," असे मी म्हटलेही. पण मुलाने हात जोडले, "या वयात आईला चिरफाड नको." मीही आग्रह धरला नाही आणि माप घेऊन मोकळा झालो. त्या पाच मिनिटांच्या संकोचाची किंमत आजींनी तीन वर्षे मोजली. म्हणून आज हा विषय.

दात गेल्यावर जबड्याचे काय होते?

दात काढल्यावर हिरडी भरून येते आणि काम संपले असे आपल्याला वाटते. पण आतले हाड बदलतच राहते. दात ज्या खोबणीत बसलेले असतात तिच्या कडा झिजतात आणि मागे हाडाचा एक लांबट उंचवटा उरतो. उसाच्या शेतात सरी-वरंबा असतो ना, त्यातल्या वरंब्यासारखा. कवळी या वरंब्यावर बसते. वरंबा रुंद, गोलसर आणि गुळगुळीत असेल तर कवळी नीट बसते. तो खडबडीत किंवा सुरीच्या पात्यासारखा निमुळता झाला असेल, तर दोन कठीण वस्तूंच्या मध्ये नाजूक हिरडी चेचली जाते. खाली हाड, वर कवळी. दुखणार नाही तर काय?

ही झीज आयुष्यभर चालते. टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षे पाहणी करून १९७२ साली निष्कर्ष मांडले. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते, असे त्यांना दिसले. "वरची कवळी छान बसते, खालचीच हलते," ही तक्रार आमच्याकडे रोज येते, तिचे एक मोठे कारण हेच.

कोणकोणते अडथळे असतात?

नांगरट करून, ढेकळे फोडून, दगडधोंडे वेचूनच आपण पेरणी करतो. पारनेरच्या माळरानावर शेती करणाऱ्याला हे सांगायला नको. तोंडातले दगडधोंडे साधारण असे असतात.

पहिला अडथळा हाडाच्या टोकदार कडा. दात एकेक करून, वेगवेगळ्या वर्षी काढलेले असतील तर हाड उंचसखल राहते. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.

दुसरा, आत राहिलेली मुळे. दात तुटतो, वर हिरडी येते आणि माणूस विसरून जातो. कवळीचा दाब पडू लागला की ते मूळ दुखू लागते किंवा पू धरते. म्हणून कवळीआधी एक्स-रे हवाच.

तिसरा, हाडाच्या गाठी. काहींना टाळूच्या मधोमध, तर काहींना खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूला शेंगदाण्याएवढी किंवा त्याहून मोठी कठीण गाठ असते. हा कर्करोग नव्हे. दात असताना तिचा त्रासही नसतो. पण तिच्यावरची त्वचा फार पातळ असते. कवळी तिथे घासली की लगेच जखम होते. गाठ कवळीच्या वाटेत येत असेल तरच काढायची, एरवी नाही.

चौथा, ओठाची दोरी. वरचा ओठ उचलून आरशात पाहा. ओठाला हिरडीशी जोडणारी एक पातळ पट्टी दिसेल. ती फार खाली चिकटलेली असेल तर बोलताना, हसताना कवळी उचलली जाते. ती छोट्या शस्त्रक्रियेने मोकळी करता येते.

पाचवा, जुन्या कवळीने झालेली मांसवाढ. सैल कवळी वर्षानुवर्षे वापरली की तिची कड गालाच्या आतल्या बाजूला रुतत राहते आणि तिथे मांसाच्या घड्या तयार होतात. अशा वेळी कवळीची कड कमी करून ती दोन-तीन आठवडे बाजूला ठेवायला सांगतात. सूज ओसरते. उरलेला भाग काढून तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात.

याखेरीज कुणाच्या वरच्या जबड्याचा मागचा भाग इतका वाढलेला असतो की खालच्या कवळीला जागाच उरत नाही. तर कुणाचे खालचे हाड इतके झिजते की ओठाकडे जाणारी नस कवळीखाली दाबली जाते आणि घास चावताना ओठात वीज चमकल्यासारखी कळ येते.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

नाव मोठे असले तरी बहुतेकांसाठी हे काम दात काढण्याइतकेच असते. पूर्ण भूल लागत नाही. इंजेक्शनने तेवढाच भाग बधीर करतात. हिरडीवर छोटा छेद देऊन ती बाजूला सारतात, टोकदार हाड कातरतात, कानशीने घासतात, सलाईनच्या पाण्याने धुतात. मग हिरडी जागेवर ठेवून वरून बोट फिरवून पाहतात. खरखर उरली नसेल तर टाके घालतात. एका बाजूच्या कामाला साधारण अर्धा तास लागतो. टाके आठवड्याने काढतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हाड काढताना हात आखडता हवा. काढलेले हाड परत येत नाही आणि पुढे झीज व्हायचीच असते. म्हणून "सगळे एकदम सपाट करून टाका" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. शक्य असेल तिथे दात काढतानाच कडा गुळगुळीत करून घेतल्या तर पुढची शस्त्रक्रिया वाचते. सगळेच दात काढायची वेळ आली असेल, तरी एखाद-दुसरे मजबूत मूळ ठेवून त्यावर कवळी बसवता येईल का, हे विचारा. मूळ असेतोवर त्याभोवतीचे हाड टिकते.

वरंबा अगदीच नाहीसा झाला असेल तर पूर्वी मांडीची त्वचा लावून ओठाकडची खाच खोल करीत. आता खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट म्हणजे धातूचे खुंट बसवून त्यांना कवळी अडकवतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दातविरहित जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे सुचवले. खर्च मात्र जास्त आहे, तो सर्वांना झेपत नाही.

शस्त्रक्रियेआधी हे सांगाच

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार काहीही असले तरी लपवू नका. साखर आटोक्यात आणून हे काम सुरक्षितपणे करता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. त्याने अधिक धोका होतो. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा जबड्याला किरणोपचार झाले असतील तर आधी सांगा. हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षाला किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेत असाल, किंवा कर्करोगात हाडांसाठी इंजेक्शने झाली असतील, तर ते आवर्जून सांगा. यांतील काही औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडू शकते, हे २००३ पासून डॉक्टरांच्या लक्षात आले आहे.

नंतरची काळजी

पहिले २४ तास जोराने चूळ भरू नये, थुंकू नये, गरम चहा घेऊ नये. गालावर बाहेरून थोडा थोडा वेळ बर्फ धरावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात. पेज, मऊ खिचडी, ताकभात चालेल. तंबाखू आणि मिशेरी बंद. आपल्याकडच्या अनेक आयाबायांना मिशेरी लावल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ताज्या जखमेवर ती नको आणि नंतरही सुटली तर उत्तमच.

जखम भरून यायला वेळ द्यावा. साधारण चार ते सहा आठवड्यांनी माप घेतात. मुलाचे लग्न तोंडावर आले म्हणून घाई करू नका. घाईने घेतलेले माप हाड बसल्यावर सैल होते.

दोन धोक्याच्या सूचना

बाजारात, रस्त्याच्या कडेला तासाभरात कवळी बसवून देणाऱ्यांपासून दूर राहा. कायद्यानुसार नोंदणीकृत दंतवैद्यालाच हे काम करता येते. कवळी टाळूला चिकटावी म्हणून काही जण रबरी चकती बसवतात. तिने टाळूला जखम होते आणि वर्षानुवर्षे वापरल्यास नाकापर्यंत आरपार भोक पडल्याची उदाहरणे आहेत.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. कवळीखालची प्रत्येक जखम टोचल्यामुळेच झाली असे समजू नका. कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत जखम भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, कडा कठीण लागल्या, तर ताबडतोब दाखवा. तंबाखू-मिशेरी घेणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही.

खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयात जावे. आपल्याच जिल्ह्यात लोणी आणि संगमनेर येथे अशी महाविद्यालये आहेत. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली ही कामे होतात.

आता आजींचे पुढे काय झाले ते सांगतो. या वेळी मी मुलाला आधी समोर बसवले. त्याचे बोट आईच्या जबड्यावर फिरवायला लावले. टोके हाताला लागताच तो गप्प झाला. "आई, एवढे टोचत होते आणि तू सांगितले नाहीस?" "सांगितले की. तुम्ही म्हणालात, सवय होईल," आजी म्हणाल्या. मला मान खाली घालावी लागली.

रक्तदाब आणि साखर तपासली. अर्ध्या तासात काम झाले. सहा आठवड्यांनी नवीन माप घेतले. नवी कवळी बसवल्यावर आठवड्यात दोनदा कड घासावी लागली. पहिल्या पंधरवड्यात वरण-भात, मग मऊ पोळी आणि दोन महिन्यांनी बाजरीची भाकरी. शेंगदाणे अजून कुटूनच खातात. कवळी म्हणजे स्वतःचे दात नव्हेत, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. पण दिवाळीनंतर पुतणीच्या लग्नात त्या पंक्तीत बसून जेवल्या, हे सांगायला मुद्दाम दवाखान्यात आल्या.

आपल्या घरातही कपाटात असा एखादा डबा असेल. तो बाहेर काढा आणि आई-वडिलांना घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जा. "सवय होईल" असे म्हणू नका.

(पुढील आठवड्यात : कवळीची रोजची निगा)