काम कुठलं, माणूस कुठला!

दोस्तांनो, वही-पेन्सिल घ्या आणि एक सोपी वजाबाकी करा. समजा, तुमच्या आजोबांचा जन्म १९५० सालचा. मग १९९९ साली त्यांचं वय किती? ९९ मधून ५० गेले, राहिले ४९. शाबास! आता २००० साली किती? पण वर्षाचे शेवटचे दोनच आकडे वापरायचे हं. ०० मधून ५० गेले... उणे ५०! म्हणजे आजोबा जन्माला यायलाच अजून पन्नास वर्षं आहेत!

तुम्ही हसलात ना? अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांना मात्र त्या वेळी घाम फुटला होता. १९६० आणि ७० च्या दशकांत संगणकाची स्मृती भलतीच महाग असे. जागा वाचवायची म्हणून प्रोग्राम लिहिणारे १९६५ ऐवजी नुसतं ६५ लिहीत. हे प्रोग्राम शतक संपेपर्यंत वापरात राहतील, असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं. पण ते राहिले! आता संगणकांनी ०० म्हणजे १९०० धरलं, तर व्याज, पेन्शन, सगळ्याचाच घोळ होणार. या दुखण्याचं नाव 'वाय-टू-के'.

औषध तसं अवघड नव्हतं, कंटाळवाणं होतं. कोबोल भाषेतल्या लाखो ओळी वाचायच्या, तारीख कुठेकुठे लपलीय ते शोधायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा तपासायचं. गव्हातले खडे निवडावेत ना, तसं! अमेरिकेत एवढी माणसं नव्हती आणि जी होती त्यांचा पगार भारी. आपल्याकडे इंग्रजी जाणणारे, गणितात पक्के इंजिनिअर होते. मग थोडं काम इकडे आलं आणि थोडी माणसं तिकडे गेली.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत बरं का. दिवाळीच्या चकल्या आई शेजारच्या काकूंना सांगते, त्या त्यांच्या घरी तळतात आणि डबा आपल्याकडे येतो. हे झालं 'आउटसोर्सिंग'. पण काकूच आपल्या स्वयंपाकघरात येऊन चकल्या पाडू लागल्या, तर? तशी ती परदेशी माणसांची भरती.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना आधी दुसराच मार्ग धरावा लागला. १९८१ साली सात इंजिनिअरांनी पुण्यात 'इन्फोसिस' सुरू केली, तेव्हा कंपनीकडे स्वतःचा संगणकच नव्हता! परदेशातून आणायचा तर सरकारी परवान्यांसाठी खेटे घाला. त्यापेक्षा माणसंच अमेरिकेला धाडणं सोपं. पुढे १९८५ मध्ये 'टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स' ही अमेरिकन कंपनी बंगळूरला आली आणि उपग्रहामार्फत तिकडच्या कचेऱ्यांशी जोडली गेली. आता माणूस घरी, काम मात्र सातासमुद्रापार! शिवाय घड्याळही मदतीला धावलं. हिवाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ. तिकडच्यांनी झोपताना अडचण कळवावी आणि उठून पाहावं, तर उत्तर हजर!

तिकडे जाणाऱ्यांसाठी अमेरिकेने १९९० च्या कायद्यात 'एच-वन-बी' व्हिसा आणला. वर्षाला ६५,००० माणसं, बस्स! गरज वाढली तशी ही मर्यादा काही वर्षांपुरती १,९५,००० पर्यंत गेली आणि २००३ नंतर पुन्हा खाली आली. अर्ज फार आले की चक्क सोडत काढत. लॉटरीच म्हणा ना! २०२५ च्या सप्टेंबरात तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. या व्हिसाची एक मेख आहे. तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली, की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. असा माणूस पगारासाठी किंवा रजेसाठी साहेबाशी भांडेल का?

आता थोडं त्या घरातही डोकावू. मिकी माउसची 'डिस्ने' तुम्हाला ठाऊकच आहे. २०१४ च्या अखेरीस तिच्या फ्लोरिडातल्या संगणक विभागातल्या सुमारे अडीचशे जणांना सांगण्यात आलं, की तुमची नोकरी संपली. त्यांतल्या बऱ्याच जागांवर भारतीय कंपनीमार्फत व्हिसावर आलेली माणसं बसणार होती. आणि जाण्यापूर्वी काहींना एक काम करायचं होतं. आपल्याच जागी येणाऱ्याला सगळं शिकवून जायचं! कंपनीचं म्हणणं, आम्ही फेररचना केली आणि नव्या जागाही काढल्या. ते काहीही असो. पण दहा-वीस वर्षं तिथे नोकरी केलेल्या माणसाला ते शिकवताना काय वाटलं असेल? आणि समोर वही उघडून बसलेल्या आपल्याकडच्या मुलाला? त्याने तर कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. कंपनीने पाठवलं, तो आला. मला वाटतं, या दोघांची गाठ घालून देणारा तिसराच होता आणि तो काही त्या खोलीत बसला नव्हता.

बरं, वही मिटण्याआधी आणखी एक तारीख लिहून ठेवा, १९ जानेवारी २०३८. अनेक जुने संगणक १९७० पासूनचे सेकंद मोजत वेळ ठरवतात. त्यांच्यातली आकडा ठेवायची जागा त्या दिवशी भरून जाणार आहे. दुरुस्ती सुरू झालीय, पण पुष्कळ उरलीय. तेव्हा तुमच्यातले बरेच जण नोकरीला लागलेले असतील. ते खडे कोण निवडेल आणि कुठल्या गावात बसून, तुमचा अंदाज काय? आम्हाला नक्की कळवा.