लांब रॉड टाकला की गाडी उडते?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवायला आलेला टेम्पो आणि शर्यतीसाठी बांधली जाणारी कार, दोन्हींच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचं काम एकच: पिस्टनच्या वरखाली हालचालीतून क्रँक फिरवणं. तरी कार ‘तयार’ करायचा विषय निघाला की ‘लांब रॉड टाक, गाडी उडेल’ हा सल्ला हमखास मिळतो. पोरं या सल्ल्यावर साठवलेले पैसे घालतात, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा.

उदाहरणाला 80 मिमी स्ट्रोकचं इंजिन घेऊ. मूळ रॉड 130 मिमी, नवा 140 मिमी. ही लांबी दोन्ही भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. तिला स्ट्रोकने भागलं की रॉड रेशो मिळतो: आधी 1.63, आता 1.75.

गैरसमज 1: लांब रॉडने सीसी वाढते.
वस्तुस्थिती: सीसी ठरते बोअर, स्ट्रोक आणि सिलिंडरच्या संख्येवर. स्ट्रोक क्रँक ठरवतो, रॉड नाही. पिस्टन जुनाच ठेवला तर तो 10 मिमी जास्त वर येईल आणि थेट हेडवर आदळेल. त्यामुळे लांब रॉडसोबत गजनपिनचं (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचं) भोक तेवढंच वर असलेला वेगळा पिस्टन घ्यावाच लागतो.

गैरसमज 2: पिस्टन वर जास्त वेळ थांबतो, म्हणून ताकद भरपूर वाढते.
वस्तुस्थिती: थांबतो, पण किती? क्रँक वरच्या टोकापासून 20 अंश फिरल्यावर जुन्या रॉडवरचा पिस्टन सुमारे 3.13 मिमी खाली आलेला असतो, नव्यावरचा 3.08. फरक 0.05 मिमीचा. 90 अंशांवरही तो अर्धा मिमी भरत नाही. शिवाय वर मिळालेला जास्तीचा वेळ खालच्या टोकाशी कमी होतो. कॅम, पोर्ट आणि ट्यूनिंग जुळवलेल्या इंजिनात एवढ्या फरकाचा थोडा उपयोग करून घेता येतो. नुसता रॉड बदलून गाडी पळत नाही.

गैरसमज 3: लांब रॉडचा फायदाच फायदा, तोटा काही नाही.
वस्तुस्थिती: फायदा खरा आहे. रॉडचा जास्तीत जास्त तिरपेपणा 17.9 अंशांवरून 16.6 वर येतो आणि त्या स्थितीत पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर देतो तो दाब सुमारे 8 टक्क्यांनी घटतो. आता नवा पिस्टन हातात घेऊन बघा. ब्लॉकची उंची तीच राहिल्याने गजनपिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर समजा 30 मिमी होतं, ते 20 वर आलं. तेवढ्यात तीन रिंगा बसवायच्या. जागा इतकी कमी पडते की ऑइल रिंगची खाच गजनपिनच्या भोकात घुसू शकते. मग त्या रिंगखाली आधाराची पट्टी द्यावी लागते. वरची रिंग माथ्याकडे सरकवली तर तिला उष्णताही जास्त सोसावी लागते. पिस्टन हलका होतो हे खरं, पण रॉड जड होतो.

गैरसमज 4: लांब रॉड म्हणजे मजबूत रॉड.
वस्तुस्थिती: वरच्या टोकाला पिस्टनची दिशा पालटते तेव्हा रॉडला जबर ओढ बसते. आपल्या उदाहरणात लांबी वाढवून ती पावणेदोन टक्क्यांच्या आसपास कमी होते. पण तेच इंजिन 6,000 ऐवजी 7,000 आरपीएमला फिरवलं की ती 36 टक्क्यांनी वाढते, कारण ती आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तिथे लांबी वाचवत नाही. वाचवतं ते पोलाद, फोर्जिंग आणि बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बोल्ट.  फोर्जिंगमध्ये तापवलेलं पोलाद साच्यात दाबून घडवलं की धातूचे तंतू भागाच्या आकाराप्रमाणे वळतात आणि वारंवारचा ताण सोसण्याची क्षमता वाढते. म्हणून रॉड निवडताना लांबीआधी तो कशाचा आणि कसा घडवलाय ते विचारा. बोल्ट नवे घ्या आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापानेच आवळा.

गैरसमज 5: 1.75 हा जादूचा रेशो आहे.
वस्तुस्थिती: होंडाच्या इंटेग्रा टाइप आरमधल्या बी18सी इंजिनाचा स्ट्रोक 87.2 मिमी आणि रॉड सुमारे 138 मिमी, म्हणजे रेशो जेमतेम 1.58. तरीही जपानी बाजारातल्या गाडीत ते 8,000 आरपीएमला 200 पीएस देत असे. ती करामत हेड, कॅम आणि कॉम्प्रेशनची.

मग लांब रॉड घ्यायचा कधी? शर्यतीचं इंजिन मुळापासून बांधताय, फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड नाहीतरी बनवूनच घ्यायचे आहेत आणि ब्लॉकमध्ये जागा आहे, तर जरूर घ्या. स्ट्रोक वाढवल्याने रेशो फार खाली आला असेल, तेव्हाही विचार करा. एरवी पैसे आधी हेडचं काम, कॅम, ट्यूनिंग आणि ऑइलच्या व्यवस्थेवर घाला. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर त्यात बंधनं आहेत. आणि मिस्त्रीला ऑर्डर देण्याआधी तीन मापं कागदावर लिहून मागा: ब्लॉकची उंची, गजनपिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर आणि क्रँक फिरताना रॉड ब्लॉकपासून किती दूर राहतो. ही मापं ज्याच्याकडे नाहीत, त्याच्याकडे इंजिन उघडू नका.