फुनाबोरीतली कब आणि तिची टकटक

टोकियोतल्या फुनाबोरीत पहाटे खिडकी उघडी असली, तर पेपर टाकणाऱ्याची होंडा सुपर कब ऐकू येते. हीरो होंडावर वाढलेल्या मराठी कानाला तो आवाज ओळखीचा वाटतो, आणि त्यात नवल नाही. १९८५ साली आपल्याकडे आलेल्या सीडी १००चं आडव्या सिलिंडरचं इंजिन याच घराण्यातलं. मूळ कब १९५८ची. इथल्या किंवा शेजारच्या निशिकासाईतल्या कुणी जुनी कब घेतली की कधी ना कधी विचारणा होतेच: "टकटक येतेय, टॅपेट असतील का?"

शाकेनच्या बाहेर

जपानमध्ये मोटारीची शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, नवी असताना ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी होते. २५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ती नाही. कबचं इंजिन बिघडतंय का, हे बघायचं मालकानेच.

आवाज कुठला?

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटची टकटक बारीक, कोरडी आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या लयीत असते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडला टेकवून मूठ कानाशी धरा. आवाज तिथेच सर्वांत स्पष्ट आला तर संशय पक्का. सायलेन्सरच्या जोडातून गॅस फुटत असेल तर 'चिक चिक' येतं आणि इंजिन तापलं की बहुधा कमी होतं. कॅम चेन ढिली असेल तर खळखळ. तळातून, थ्रॉटल दिल्यावर जड ठोके येत असतील तर टॅपेट विसरा, गाडी बंद करा.

आधी ऑइलची पातळी बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असं माझं मत.

गप्प टॅपेटची भीती

रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यातला गॅप वाढला की आवाज येतो, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, थोडी ताकद जाते. त्रासदायक, पण घातक नाही. खरी भीती गॅप कमी होण्याची. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजून आत बसत जातो, गॅप संपतो आणि इंजिन आणखी गोड चालायला लागतं. मालक खूश! मग तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. सीटला टेकल्यावरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. ते टेकणंच बंद झालं की कडा जळतात. गरम गाडी किक मारून दमवते, आयडलिंग डगमगतं. 'आवाज नको' म्हणून स्क्रू घट्ट आवळणारा मेकॅनिक म्हणूनच मला नको.

०.०५ मिलिमीटर

जुन्या ५०, ७० आणि ९० सीसी कबला इनटेक, एक्झॉस्ट दोन्हींचा गॅप ०.०५ मिमी. झेरॉक्सच्या कागदाच्या साधारण निम्मी जाडी. नव्या मॉडेलला हा आकडा लावू नका. त्याचं पुस्तक बघा. इंजिन ३५ अंशांखाली थंड हवं. ऑगस्टमधल्या फुनाबोरीत उन्हात उभी गाडी न चालवताही तेवढी तापते, तेव्हा सकाळीच बसा.

हेडची वरची आणि खालची गोल झाकणं काढा. वरचा इनटेक, खालचा एक्झॉस्ट. खालून ऑइल ठिबकतं, फडकं ठेवा. डाव्या बाजूची झाकणं काढून फ्लायव्हील डावीकडे फिरवा आणि 'टी' ची खूण जुळवा. जवळच 'एफ' आहे. ती प्लगच्या ठिणगीची, तिच्यावर थांबू नका. दोन्ही रॉकर किंचित हलायला हवेत. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या स्ट्रोकवर वर आलाय; पूर्ण एक फेरी आणखी.

फिलर गेजची पाती घाला. ओढताना लोण्यातून सुरी जावी तशी नव्हे, किंचित अडत यायला हवी. नाही तर ९ नंबरचा लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा सोबत फिरतो, म्हणून तो धरून ठेवा आणि नट आवळल्यावर पाती पुन्हा घाला. पहिल्या झटक्यात जमलं तर नशीब.

मोटार असेल तर

हायड्रॉलिक लिफ्टर असलेल्या इंजिनात हा उद्योग नाही. ऑइलच गॅप भरून काढतं. थंड स्टार्टला काही क्षण टकटक होऊन थांबली तर सोडून द्या. तापल्यावरही राहिली तर ऑइल आणि त्याचा दाब तपासून घ्या.

दुकानात

जपानी मेकॅनिकही टॅपेटच म्हणतो, फक्त 'तापेत्तो'. सेटिंगला 'तापेत्तो चोसेइ', फिलर गेजला 'शिक्कुनेसु गेजि'. आवाज सांगायला भाषा अडली तर 'काचाकाचा' म्हणा. आपल्या खटखटीसारखाच तो नाद त्यांच्याकडेही रोजचा आहे.