पंचवीस टोकांचा तारा

आकाशकंदिलांच्या भूमितीचं मला जुनं वेड आहे. कामट्यांचा षट्कोन, खळ, जिलेटीनचा कागद हे सगळं हाताखालून गेल्यावर एक दिवस नाताळात लावला जाणारा हेर्नहूटचा तारा समोर आला आणि झोपच उडाली. १८ चौरस आणि ८ त्रिकोण असा २६ बाजूंचा आकार घ्यायचा. वरची एक बाजू टांगायला मोकळी ठेवायची, उरलेल्या २५ बाजूंवर कागदाची निमुळती टोकं चढवायची आणि पोटात दिवा सोडायचा.

नाताळचं झाड, त्यावरच्या मेणबत्त्या, एडिसनच्या सहकाऱ्यानं १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर लावलेले विजेचे दिवे, हा इतिहास पुष्कळदा लिहून झालाय. तो सोडतो.

हेर्नहूट हे जर्मनीच्या पूर्व टोकाचं छोटं गाव. मोराव्हियातून धर्मछळापायी पळालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना काउंट झिंझेन्डॉर्फनं आपल्या जहागिरीत आसरा दिला आणि १७२२ मध्ये ते वसलं. दहा वर्षांत इथले दोघे जण कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांमध्ये धर्मप्रचाराला निघाले. पाठोपाठ ग्रीनलंड, सुरिनाम, दक्षिण आफ्रिका. मूठभर माणसांचा हा पंथ स्वतःहून जगभर विखुरला. त्याची किंमत मुलांनी मोजली. मिशनऱ्यांची पोरं शिक्षणासाठी लहानपणीच जर्मनीतल्या पंथाच्या वसतिशाळांत धाडली जात. कित्येकांना आईबाप पुन्हा दिसलेच नाहीत.

तारा अशाच एका शाळेतला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीस्की गावच्या मुलांच्या शाळेत भूमितीच्या तासाला तो कागदातून उभा राहिला. पुढे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, म्हणजे आगमनकाळाचा, पहिला रविवार आला की तारा जोडायचा असा रिवाज पडला. या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं, फरबेकनं, तो विकायला घेतला. त्याच्या मुलानं कारखाना काढला. पूर्व जर्मनीच्या राजवटीत कारखाना सरकारजमा झाला, नंतर पंथाकडे परतला. साम्यवाद्यांनी येशूजन्माची खूण असलेला बेथलेहेमचा तारा बनवून विकावा, यातली गंमत त्यांनाही कळली असावी.

दुकानदार आज 'घरची ऊब' म्हणून हा तारा विकतात. मला ते खटकतं. घरापासून तोडलेल्या मुलांच्या शाळेतून आलेला हा दिवा आहे.

या पंथाबद्दल वाचत असतानाच मारिया हार्टमान भेटली. जन्म १८३७, सुरिनाममध्ये, मिशनरी आईबापांच्या पोटी. लहानपणीच तिला जर्मनीला पाठवलं. पंथानं पुढे तिची सोयरीक ठरवली ती हिमालयात, लाहौलच्या केलाँग गावी मिशन चालवणाऱ्या विल्हेल्म हायडेशी. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. १८५९ मध्ये ती डोंगर ओलांडून पोचली आणि लग्न झालं. आपल्याकडच्या वाचकाला ठरवून केलेल्या लग्नाचं नवल नाही. पण नवरी दोन खंड ओलांडून आली, हे जरा विशेष.

केलाँगला मारिया कित्येक वर्षं राहिली. बाटलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण मारियानं लाहौली बायकांना लोकरीचं विणकाम शिकवलं, आणि लाहौलचे नक्षीदार मोजे आजही विकले जातात. धर्मप्रचाराचा हिशेब मांडायचा तर हा मोजा कुठल्या रकान्यात घालणार? ती रोजनिशी लिहायची. थंडी, आजारपण, मुलांचे मृत्यू, पत्रांची वाट, सगळं त्या संसारात होतं.

जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली, आणि तिथे हेर्नहूटचं नाव यादीत चढलं. मारियाचं केलाँग दिल्लीहून काही फार लांब नाही.

मारियाची जगलेली मुलं मोठी होऊ लागली तेव्हा तिनं त्यांनाही शिकायला जर्मनीला धाडलं. जे आपण सोसलं ते पोटच्या पोरांना सोसायला लावणं मला अजून उमगलेलं नाही. तिच्या श्रद्धेबद्दल आदर वाटतो, या निर्णयाबद्दल नाही. आणि तरी, केलाँगच्या बर्फात त्या काळी तिनं मुलांसाठी दुसरं काय करायला हवं होतं, हे मला कोणी विचारलं तर मी गप्पच बसेन.