ऊन पाण्याचे झरे आणि भूगर्भातील ऊर्जा

भूगर्भातील उष्णतेपासून वीज निर्माण करण्याच्या प्रत्येक योजनेला दोन कसोट्यांना उतरावे लागते. पहिली कसोटी अभियंत्याची असते. पाणी किती ऊन आहे व ते किती प्रमाणात मिळेल, हे तो पाहतो. दुसरी त्या स्थळी येणाऱ्या माणसाची असते. ज्यासाठी तो आला ते शिल्लक राहील काय, असा त्याचा प्रश्न असतो. ही दुसरी कसोटी बहुधा उशिरा लक्षात घेतली जाते.

कोकणात पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत ऊन पाण्याच्या झऱ्यांची एक रांगच आहे. येथे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. दापोली तालुक्यातील उन्हवरे येथे त्याचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअस आहे. एवढ्या पाण्यावर सहज उकळणारा एखादा द्रव तापवून त्याच्या वाफेने जनित्र फिरविता येते. अलास्कातील चेना या स्नानस्थळी सुमारे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ साली अशी वीजनिर्मिती सुरू झाली. मात्र वाफ पुन्हा निववण्यासाठी तेथे अतिशय थंड पाणी मुबलक मिळते. कोकणात ती अनुकूलता नाही.

वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे तानसा नदीच्या परिसरात कुंडे आहेत. कोणी देवदर्शनास येतो, कोणी सांधेदुखीला उतार पडावा म्हणून, तर कोणी केवळ सहलीसाठी. वज्रेश्वरीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजेच हे ऊन पाणी, अशी लोकसमजूत आहे. सहलीला आलेल्यास नळ व यंत्रघर दृष्टीआड असले म्हणजे पुरे वाटेल. भाविकाचे समाधान तेवढ्याने होणार नाही, कारण त्याच्या लेखी पाणी हेच तीर्थ आहे.

ही शंका अनाठायी नाही. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथील वीजकेंद्र १९५८ साली सुरू झाले. पुढे भूगर्भातील दाब घटत गेला आणि पर्यटकांना प्रिय असलेली जवळच्या खोऱ्यातील ऊन पाण्याची कारंजी बंद पडली. रोटोरुआ शहरात घरे व हॉटेले यांसाठी खणलेल्या विंधनविहिरींमुळेही असाच ऱ्हास होऊ लागला. तेव्हा पोहुतू या कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करण्याचा निर्णय सरकारने १९८६ साली घेतला. त्यानंतर अनेक झरे सावरले.

आइसलँडचा अनुभव वेगळा आहे. स्वार्टसेंगी येथील केंद्रातून १९७० नंतरच्या दशकात बाहेर सोडलेल्या पाण्याचे निळसर तळे साचले. लोक त्यात स्नान करू लागले आणि तेच पुढे जगप्रसिद्ध पर्यटनस्थळ झाले. येथे वीजकेंद्रानेच नवे आकर्षण निर्माण केले. जुने कोणाकडून हिरावून घेतले नाही.

सारांश, प्रवाशाचा विरोध सरसकट यंत्राला असतो असे नव्हे. झरा आटण्याचे भय त्यामागे असते. झऱ्याचे व विहिरीचे पाणी भूगर्भात एकच असेल, तर ते भय युक्तिवादाने दूर होत नाही. म्हणून पहिली विहीर खणण्यापूर्वीच कुंडांचे तापमान व प्रवाह काही वर्षे नियमितपणे मोजणे, वापरलेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडणे आणि स्नानास येणाऱ्यांचे व ग्रामस्थांचे मत आधी विचारणे अगत्याचे ठरते. आधीची मोजणी नसेल, तर झरा कशामुळे आटला हे नंतर कोणालाच सिद्ध करता येणार नाही.